सोप्यात बसून परमुलखाचे काम : स्वतंत्र सॉफ्टवेअर-व्यवसायाचे व्यवहारपाठ

आपल्या पंचक्रोशीतील मुलगा शिकला की त्याने गाव सोडावयाचे, हा परिपाठ फार जुना आहे. आजोबांच्या पिढीने मुंबईची गिरणी गाठली, नाहीतर बेळगावच्या मराठा पलटणीत नाव घातले. पुढची पिढी उद्यमबागेतील कारखान्यांत व फौंड्र्यांत रुजू झाली. त्यानंतर शिक्षण दाराशी आले. गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ मध्ये निघाले, विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये बेळगावीच स्थापन झाले आणि बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप या बाजूच्या कित्येक घरांत पहिला इंजिनिअर तयार झाला. शिक्षण दाराशी आले, पण नोकरी मात्र पुण्यास व बंगळुरासच राहिली. भाताचे व रताळ्याचे शेत म्हाताऱ्यांच्या हाती आणि पोरे भाड्याच्या खोल्यांत, असे चित्र घरोघर दिसू लागले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हीच पोरे लॅपटॉप काखोटीस मारून गावी परतली. सोप्यात खाट सरकवून, कोठे माळ्यावर मोबाइलला रेंज मिळेल तेथे बसून त्यांनी वर्ष-दीड वर्ष काम केले आणि संगणकाचे काम गावात बसून होते, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाले. पुढे कंपन्यांनी त्यांस परत बोलाविले. बहुतेक गेले. काहींच्या मनात मात्र एक प्रश्न घर करून राहिला : कंपनीच नको, स्वतःच गिऱ्हाईक पाहून, स्वतःच काम करून, स्वतःच पैसे घेऊन गावात राहता येईल काय?

ट्रस्टच्या या महोत्सवी अंकात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहो. उत्तर 'येईल' असेच आहे. परंतु त्यास काही अटी आहेत, आणि त्या अटी कॉलेजात कोणी शिकवीत नाही. आमचे निरीक्षण असे की, स्वतंत्र धंद्यात पडलेला तरुण बहुधा संगणकाच्या विद्येत कमी पडत नाही. तो कमी पडतो ते भाव ठरविण्यात, कागद करण्यात आणि वसुलीत. नोकरीत असताना ही कामे दुसरे कोणीतरी करीत असते. कोणी गिऱ्हाईक आणतो, कोणी करार लिहितो, कोणी वीज गेली तर जनित्र चालू करतो, कोणी महिन्याच्या शेवटी पगार जमा करतो. नोकरी सोडली की त्या सगळ्या खुर्च्यांवर एकट्यानेच बसावे लागते.

या बाबतीत आपल्याला विचारपूस करावयाची तर ती अमेरिकेत करून उपयोग नाही. तेथे वीज जात नाही आणि चलन घसरत नाही. त्यापेक्षा पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या देशाकडे पाहावे. २० कोटींहून अधिक वस्तीचा हा देश १९६० साली इंग्रजांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. शिक्षणाची व कचेरीची भाषा इंग्रजी, घरची भाषा निराळी, विजेची ओढाताण, तरुणांचा लोंढा शहराकडे आणि परदेशाकडे, हे सारे आपल्या ओळखीचे. लागोस शहरातील याबा या भागात २०१० नंतर सॉफ्टवेअरचा धंदा फोफावला. तेथील दोघा तरुणांनी २०१५ मध्ये काढलेली पेस्टॅक ही पैसे वळते करणारी कंपनी २०२० मध्ये स्ट्राइप या मोठ्या कंपनीने २० कोटी डॉलरांहून अधिक मोल देऊन घेतली. पण आमचे लक्ष अशा थोरामोठ्यांकडे नाही. त्यांच्या आगेमागे हजारो लोक एकेकटे, घरी बसून, देशी-परदेशी गिऱ्हाइकांची कामे करितात. त्यांच्यावर जे प्रसंग आले ते आपल्यावर सौम्य रूपात येतात; म्हणून त्यांपासून शिकणे सोपे.

पहिली गोष्ट विजेची. नायजेरियात वीजमंडळाचे जुने नाव 'नेपा' असे होते. ते मंडळ जाऊन बरीच वर्षे झाली, तरी गेलेली वीज आली की गल्लीतील पोरे अजून 'अप नेपा!' म्हणून ओरडतात. २०२४ या एकाच वर्षात तेथील राष्ट्रीय वीजजाळे अनेक वेळा कोलमडले. म्हणून तेथील प्रोग्रामर पेट्रोलवरच्या लहान जनित्राचा खर्च आपल्या कामाच्या दरातच धरतो. मे २०२३ अखेर तेथील सरकारने पेट्रोलवरील सूट काढून घेतली, आणि २०० नायरांच्या आतले पेट्रोल थोड्या दिवसांत ५०० च्या आसपास गेले. ज्यांनी दरात विजेचा खर्च निराळा धरलेला होता त्यांना नवा हिशेब गिऱ्हाइकापुढे मांडता आला. ज्यांनी तो धरलाच नव्हता त्यांनी खिशातून भरला.

आपल्याकडे प्रकार एवढा बिकट नाही. तरी आषाढात सह्याद्रीकडून वारे सुटले, कोठे झाड तारांवर पडले की रात्र अंधारात काढावी लागते, हे बेळगुंदीकरांस सांगावयास नको. येथे थोडे गणित करावे. लॅपटॉप आणि राउटर मिळून साधारण ७० वॉट घेतात. घरोघरी असते ती १५० अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. पण ती निम्म्याखाली उतरविली तर तिचे आयुष्य घटते, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. तेव्हा हाती ८०० च्या आसपास राहतात. म्हणजे अकरा तासांचे काम. मात्र त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे, दिवे आणि दूरदर्शन संच चालले तर तीन तासांत सारे शांत होते. म्हणून कामाची बॅटरी घरच्या बॅटरीहून वेगळी असावी. घरात यावरून कुरबूर होते. ती एकदाच होऊ द्यावी. वळिवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की राउटरची पिन काढून ठेवावी, एवढ्यानेही पुष्कळ नुकसान टळते.

वायरीच्या जोडणीस दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल-जोडणीचा आधार असावाच. १४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळातील तारा तुटल्या आणि नायजेरियासह पश्चिम आफ्रिकेतील कित्येक देशांचे इंटरनेट एकदमच लुळे पडले. एकाच तारेवर विसंबणाऱ्याचे काम बंद. ज्याची दुसरी वाट होती त्याचे कसेबसे चालू. आणि अडचण येताच गिऱ्हाइकास तत्काळ कळविणे हा त्यातलाच भाग. वीज नसल्याचा राग परदेशी गिऱ्हाईक धरीत नाही. दोन दिवस पत्ता नसल्याचा मात्र धरितो.

आता भावाकडे वळू. हा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा पाठ, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो.

निपाणीची गोष्ट जुन्या मंडळींस आठवत असेल. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकविणारा शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसला, गोळीबार झाला, माणसे गेली. त्या झगड्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती : माल पिकविणारा एक आणि त्याचा भाव ठरविणारा दुसरा. आज खेड्यातील इंजिनिअर नेमके हेच करितो. गिऱ्हाईक विचारते, 'किती घ्याल?' हा म्हणतो, 'तुम्हीच सांगा.' तेथेच धंदा बुडाला.

भाव कसा काढावा? बहुतेक तरुण नोकरीतल्या पगारावरून काढतात. महिना ४०,००० मिळत होते, म्हणजे दिवसाला १,३३३, म्हणून १,५०० सांगू, असे ते म्हणतात. हा हिशेब साफ चुकीचा आहे. समजा, घरखर्चास वर्षाला ४,८०,००० रुपये हवेत. वीज, इंटरनेट, बॅटरी, यंत्राची झीज, प्रवास व हिशेबनीस यांस १,२०,००० धरा. नोकरीत मालक भरीत होता तो विमा, म्हातारपणाची पुंजी आणि काम नसलेल्या महिन्यांची शिल्लक यांसाठी आणखी १,२०,००० धरा. एकूण ७,२०,००० झाले. आता दिवस मोजा. ३६५ मधून ५२ रविवार गेले. सण, गावची यात्रा, लग्नकार्ये, भाताच्या लावणीचे व मळणीचे दिवस, आजारपण मिळून ३३ गेले. राहिले २८०. त्यांपैकी गिऱ्हाईक शोधणे, बोलणी, बिले, वसुली आणि नवी विद्या शिकणे यांत सहज १०० दिवस जातात आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही. मोबदल्याचे दिवस उरले १८०. भागाकार केला की दिवसाचे ४,००० येतात. १,३३३ आणि ४,००० यांत तिपटीचे अंतर आहे. या अंतरातच कित्येकांचा स्वतंत्र धंदा वर्ष-दोन वर्षांत बुडतो आणि मग लोक म्हणतात, 'पोराला जमलं नाही.' पोराला काम जमत होते. त्याला भागाकार कोणी सांगितला नव्हता.

दराइतकाच महत्त्वाचा प्रश्न कोणत्या चलनात घ्यावयाचे हा. जून २०२३ पूर्वी नायजेरियात सरकारी दराने एका डॉलरला सुमारे ४७० नायरा पडत. सरकारने दर मोकळा केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच डॉलर १,५०० नायरांच्या घरात गेला. ज्याने ४,७०,००० नायरांत वर्षभराचे काम पत्करले होते, त्याच्या हजार डॉलरांच्या कामाचे शेवटी तीनशेच्या आसपास डॉलर राहिले. आणि संगणक, सर्व्हरचे भाडे, सारे तर डॉलरातच द्यावयाचे! आपला रुपया असा कोसळत नाही, तो हळूहळू उतरतो. २००८ च्या आरंभी डॉलरला ४० रुपयांहून कमी पडत, २०२४ अखेर ८५ च्या वर. म्हणून परदेशी गिऱ्हाइकाशी त्याच्या चलनातच बोलावे, आणि देशी काम लांबणारे असेल तर दर वर्षी दर फिरविण्याचे कलम कागदात घालावे.

पैसे येण्याच्या वाटेकडेही आधीच पाहावे. पेपाल ही कंपनी नायजेरियात २०१४ मध्ये आली, पण पुढे बरीच वर्षे तेथील खातेदारास तिच्यामार्फत पैसे पाठविता येत, घेता येत नसत! २०२२ मध्ये तेथील अनेक बँकांनी नायराच्या कार्डावर परदेशात खर्च करण्याची मर्यादा महिना २० डॉलरांवर आणली. सर्व्हरचे भाडे भरणेही कठीण झाले. आपल्यालाही असा एक झटका ऑक्टोबर २०२१ मध्ये बसला. रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम बदलले आणि परदेशी सेवांची मासिक भाडी ठिकठिकाणी नाकारली जाऊ लागली. नियम गिऱ्हाइकाच्या हिताचा होता, पण ज्याचे सर्व काम एका कार्डावर टांगलेले होते त्याची त्रेधा उडाली. तात्पर्य, वाटा दोन असाव्यात. काम मिळवून देणारी मध्यस्थ संकेतस्थळे कोणी दहा टक्के तर कोणी वीस टक्के दलाली घेतात. आरंभी ती द्यावीच लागते, पण तीही भावात धरावी. आणि बँकेकडून परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला दर वेळी मागून घ्यावा. तीन वर्षांनी मागावयास गेले की बँकेतला माणूस बदललेला असतो.

कागदाविषयी आपल्या भागात एक गोड संकोच आहे. 'आपलीच माणसं, कागद कशाला?' गिऱ्हाईक गावचे, नात्याचे, नाहीतर ओळखीतले असते. पण जमीन घेताना आपण सख्ख्या चुलत्यालाही इसारा देऊन पावती करितोच की नाही? तोच रिवाज येथे. कामाच्या आरंभी तिसरा हिस्सा इसार, मध्यावर तिसरा, आणि सोपविताना तिसरा. काय करणार ते लिहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करणार नाही तेही लिहावे. कारण आज्ञावली चालू झाली की गिऱ्हाइकाची भूक वाढते. 'तेवढं जाता जाता एक करून द्या की!' हे वाक्य बेळगाव बाजारात आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याची चालही पाठ झाली. 'जाता जाता' म्हटलेले काम चार दिवस खाते. नाही म्हणण्याची गरज नाही. 'करून देतो, चार दिवसांचे इतके होतील, दोन ओळी लिहून पाठवा,' एवढेच म्हणावे. निम्मी कामे दोन ओळी लिहिण्याच्या कंटाळ्यानेच आपोआप गळतात.

नात्यातल्या माणसास सवलत द्यावयाची तर अवश्य द्यावी, पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली 'सवलत' म्हणून वजा करावी. मामांना कळले पाहिजे की भाच्याने काय दिले. नाहीतर पुढल्या महिन्यात मामांचा मित्र त्याच भावात काम मागावयास येतो.

एक कायद्याची गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते, ती येथे नमूद करतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीतच मोडते. नोकराने लिहिली तर पहिला हक्क मालकाचा. पण स्वतंत्र माणसाने लिहिली तर, उलट करार नसल्यास, हक्क लिहिणाऱ्याचाच. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी द्यावा लागतो. आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरताच, असे कायदा मानतो. म्हणून करारात एक ओळ घालावी : 'पूर्ण रक्कम जमा झाल्यानंतर हक्क गिऱ्हाइकाकडे जातील.' ही ओळ म्हणजे वसुलीचे शांत हत्यार होय. उलट, परदेशी गिऱ्हाईक सरसकट सर्व हक्क आधीच मागू लागले तर आपण पूर्वी लिहून ठेवलेले सामान्य उपयोगाचे भाग त्यातून वगळून घ्यावेत. नाहीतर आपलीच अवजारे उद्या आपणांस वापरता यावयाची नाहीत.

तरीही पैसे थकतात. देशी गिऱ्हाइकाच्या बाबतीत येथे २००६ चा लघुउद्योगांचा कायदा उपयोगी पडतो. सेवा देणारा एकटा माणूसही 'उद्यम' नोंदणी करू शकतो. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि तिला शुल्क नाही. नोंदलेल्या लहान धंद्याचे पैसे, करार काहीही असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. नोंदणी मात्र काम घेण्यापूर्वी हवी. भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीचा आधार लंगडा. बिलाच्या तळाशी हा नोंदणी-क्रमांक छापला की मोठ्या कचेऱ्यांतील हिशेबनीस ते बिल वरच्या फायलीत ठेवतात, असा आमचा अनुभव आहे. फिर्याद करण्याची वेळ क्वचितच येते.

कराची बाब हिशेबनिसावर सोपवावी, पण तीन गोष्टी स्वतः जाणाव्यात. सॉफ्टवेअरचा धंदा आयकर खाते 'व्यवसाय' म्हणून ओळखते, आणि ठरावीक मर्यादेच्या आतील जमेवर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याची सोपी पद्धत उपलब्ध आहे. दुसरे, सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. परदेशी दिलेल्या सेवेवर तो कर भरावा लागत नाही, परंतु त्यासाठी हमीपत्र द्यावे लागते. आणि देशी कंपनी बिलातून जो कर कापून घेते तो आपल्या नावे जमा झाला की नाही हे दर तिमाहीस तपासावे. तीन वर्षांची विवरणपत्रे नीट भरलेली असली की बँक घरासाठी कर्ज देताना पगाराची चिठ्ठी मागत नाही. हा मुद्दा कर्जापुरता नाही. स्थळ पाहावयास आलेली मंडळी 'मुलगा कोठे नोकरीस?' असे विचारतात, तेव्हाही ती विवरणपत्रे बोलतात.

घरातील अडचण हीच खरे तर मोठी. लॅपटॉपपुढे बसलेला माणूस घरच्यांस रिकामा दिसतो. दळण आणणे, पाहुण्यांना बसस्टँडवर सोडणे, म्हशीचा डॉक्टर बोलावणे, सगळे त्याच्याच वाट्यास. सुनेच्या बाबतीत तर विचारूच नये. पुण्यात आठ वर्षे अनुभव घेतलेली मुलगी लग्न होऊन गावी येते, तिला काम येते, गिऱ्हाईक आहे, पण दुपारी दोन तास दार लावून बसण्याची मुभा नसते. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे सायंकाळचे साडेसहा वा साडेसात, ऐन दिवेलागणीची व स्वयंपाकाची वेळ. नायजेरियाचे घड्याळ लंडनच्या फार तर एक तास पुढे, त्यामुळे तेथील माणसास ही अडचण नाही; आपणांस आहे. तेव्हा गिऱ्हाईक निवडताना त्याच्या गावचे घड्याळ पाहावे. ज्या घरात चूल सुनेच्या हाती आहे त्या घरास लंडनचे गिऱ्हाईक मानवते, न्यूयॉर्कचे नाही. आणि सासूबाईंनी महिन्याचे बिल एकदा स्वतः वाचून पाहिले, तर दार लावण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

गिऱ्हाईक परदेशीच हवे असे नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या पतसंस्था, दूध डेअऱ्या, शाळा, देवस्थाने यांचे काम शहरातल्या कंपनीस परवडत नाही आणि समजतही नाही. एकाच सभासदाचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर कन्नडात, सोसायटीच्या खातेवहीत मराठीत आणि आधारकार्डावर इंग्रजीत, तिन्ही ठिकाणी निराळ्या लेखनाचे. शहरातल्या आज्ञावलीस ही तीन माणसे वाटतात. गावच्या प्रोग्रामरास ठाऊक असते की हा एकच गृहस्थ. वडिलांचे नाव, घराणे व वाडी पाहिली की ओळख पटते, आणि हीच ओळख त्याला आज्ञावलीत घालता येते. शिवाय कित्येक संस्थांची जुनी दप्तरे युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टंकलेली आहेत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की निव्वळ चित्रविचित्र अक्षरे दिसतात. ती युनिकोडात आणणे हे किचकट पण हमखास काम आहे. 'ळ' कोठे लावावा, 'क्ष' कोणत्या क्रमात घ्यावा, जोडाक्षर कोठे तुटते, हे मराठी वाचणाऱ्यासच कळते. लागोसच्या प्रोग्रामरांसही हीच कथा. योरुबा भाषेत अक्षरांखाली टिंबे आणि वर स्वरचिन्हे असतात. परदेशी आज्ञावली ती गाळून टाकते आणि माणसाचे नावच बदलते. अशा ठिकाणी घरचा माणूसच लागतो. या कामांत पैसा कमी असतो, पण तो पावसाळ्यातही येतो. आमच्या मते वर्षाच्या कामाचा तिसरा हिस्सा असा जवळच्या संस्थांचा असावा, कारण परदेशी गिऱ्हाईक एका पत्राने तुटते.

त्या तुटण्याची तजवीज म्हणजे शिल्लक. सहा महिन्यांचा घरखर्च निराळ्या खात्यात जमल्याखेरीज नोकरी सोडू नये, असे आम्ही विचारावयास येणाऱ्या प्रत्येकास सांगतो. आणि कोणतेही एक गिऱ्हाईक निम्म्याहून अधिक जमा देत असेल तर ती नोकरीच समजावी, फक्त रजा व फंड नसलेली.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे, कारण ती कोणी बोलत नाही. एकट्याचा धंदा एकट्याच्या डोक्यात असतो. तो आजारी पडला, अपघात झाला, तर पतसंस्थेचे व्याज थांबते, शाळेची फी घेता येत नाही, आणि घरच्यांस कोणाकडून किती येणे आहे हेही कळत नाही. म्हणून कामाच्या तीन प्रती असाव्यात : एक यंत्रात, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर दूरच्या सर्व्हरवर. त्याबरोबर एक कागद असावा. त्यावर गिऱ्हाइकांची नावे, येणी-देणी, सर्व्हर कोठे आहे व त्याचे भाडे कधी भरावयाचे, आणि परवलीचे शब्द कोठे ठेवले आहेत हे स्वच्छ अक्षरात लिहावे. पाकिटात घालून ते लाखेने बंद करावे, वर तारीख घालावी, आणि दर सहा महिन्यांनी नवे करावे. पाकीट घरातल्या कपाटात नको. ज्यास या कामातले कळते अशा दुसऱ्या गावच्या एका समव्यवसायी मित्राकडे द्यावे व त्याचे आपण ठेवून घ्यावे. घरच्यांस त्या मित्राचे नाव व घर ठाऊक असावे.